चुलीवरून फुटलेले घर

भाऊ वेगळे झाले की सरकारी कागदावर ‘वाटणी’ असा शब्द पडतो. घरातल्या बायका मात्र तो शब्द वापरीत नाहीत. त्या म्हणतात, ‘त्यांची चूल वेगळी झाली.’ शेत, वाडा, भांडीकुंडी यांची वाटणी पुढे दहा वर्षे कोर्टात रेंगाळेल. पण एका छपरातून दोन धूर निघू लागले, की घर फुटले हे साऱ्या गावाला कळते. वर्गात हा वाक्प्रचार मी पुष्कळ वर्षे समजावून सांगत आले आहे. परंतु एखाद्या देशाचा सत्ताधारी पक्ष अक्षरशः चुलीवरून फुटावा, तीत कोणते सरपण घालायचे आणि त्याचे पैसे कोणी भरायचे एवढ्या प्रश्नावरून चालता पंतप्रधान घरी जावा, हे मला पाहायला मिळाले ते ऑस्ट्रेलियात, २०१८ साली.

तिथे त्या वेळी ना युद्ध होते, ना लाचलुचपतीचे मोठे प्रकरण. देश सुखवस्तू, लोकवस्ती अवघी अडीच कोटी, पोटात कोळशाचा अमाप साठा आणि डोक्यावर बारा महिने ऊन. तरीही २४ ऑगस्ट २०१८ रोजी पंतप्रधान माल्कम टर्नबुल पायउतार झाले. त्यांना खाली खेचणारे लोक समोरच्या बाकांवरचे नव्हते, पाठीमागच्या बाकांवरचे, त्यांच्याच लिबरल पक्षाचे होते. आणि गंमत अशी, की ज्या विधेयकावरून हे रामायण घडले, ते विधेयक सभागृहापुढे कधी आलेच नाही!

तव्यावरची पोळी

माझी थोरली बहीण मेलबर्नला राहते. त्या वर्षी मेच्या सुट्टीत मी तिच्याकडे महिनाभर होते. आपल्याकडे अंगाची लाही होत असते तेव्हा तिकडे थंडीला तोंड फुटते. संध्याकाळी हीटरचे बटण दाबताना ताईचा हात किंचित थबके, आणि मग ‘जाऊ दे’ म्हणून ती ते दाबून टाकी. तीन महिन्यांचे बिल एकदम येई. ते आले की त्या दिवशी घरात जरा शांतता असे.

भाऊजी विजेच्या खात्यातले. आधी आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात त्यांनी उमेदवारी केली आणि मग तिकडे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याच्या नियंत्रण कक्षात लागले. एरवी मोजके बोलणारा हा गृहस्थ विजेचा विषय निघाला की सैल सुटतो. मी त्यांना एकदा सरळच विचारले, “भाऊजी, एवढा कोळसा, एवढे ऊन आणि एवढा वारा ज्या देशात आहे, तिथे विजेवरून भांडण कसले?”

“अगं, कणगी भरलेली असली म्हणून पंगत आपोआप जेवून उठते का?” ते म्हणाले. “वीज म्हणजे तव्यावरची पोळी. करून डब्यात भरून ठेवावी, तर तशी सोय फार थोडी आणि महाग. जेवणाऱ्याने मागितली त्याच क्षणी ती तव्यावरून उतरली पाहिजे. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणाक्षणाला बसला तर जाळ्याचा ठोका सेकंदाला पन्नास राहतो. तो फार चुकला, की उरलेल्यांना वाचवण्यासाठी एकेक मोहल्ला अंधारात टाकावा लागतो.”

मग त्यांनी मला चुलींचे प्रकार सांगितले. कोळशाचे केंद्र म्हणजे लग्नघरातली मोठी चूल. तापायला कित्येक तास लागतात, आणि एकदा तापली की ती चटकन विझवताही येत नाही. गॅसचे केंद्र म्हणजे स्टो. झटकन पेटतो, पण त्याचे इंधन महाग. सूर्य आणि वारा हे फुकट राबणारे आचारी. मजुरी मागत नाहीत, पण येतात मात्र आपल्या मर्जीने. या सर्वांना एका स्वयंपाकघरात बसवायचे, तर कोणाला केव्हा निवृत्त करायचे आणि त्याच्या जागी कोणाला आणायचे, हे दहावीस वर्षे आधी ठरवावे लागते. नव्या केंद्रात कोट्यवधी डॉलर ओतणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो हा, की आजचा नियम उद्या राहील काय?

“आणि आमच्याकडे तीन वर्षांनी निवडणूक,” भाऊजी म्हणाले, “आणि त्या तीन वर्षांत पंतप्रधान तरी तोच राहील याची खात्री नाही.”

यात अतिशयोक्ती नव्हती. माझी भाची २००७ च्या आरंभी जन्मली. मी तिथे होते तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि एवढ्या वयात तिने हॉवर्ड, रड, गिलार्ड, ॲबट आणि टर्नबुल असे पाच पंतप्रधान पाहिले होते. त्यांपैकी रड तर दोनदा. मी परत आल्यावर दोन-अडीच महिन्यांत सहावे आले.

जुने दुखणे

या दुखण्याचे मूळ जरा मागे आहे. जॉन हॉवर्ड हे तसे जुन्या वळणाचे पुढारी. परंतु २००७ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनीही कर्बवायू सोडणाऱ्या कारखान्यांकडून त्याची किंमत वसूल करण्याची योजना मान्य केली होती. ते निवडणूक हरले. मजूर पक्षाचे केव्हिन रड सत्तेवर आले आणि त्यांनी तशीच योजना मांडली. त्या वेळी विरोधी बाकांवर बसलेल्या लिबरल पक्षाचे नेते होते हेच टर्नबुल. सरकारशी तडजोड करून हा प्रश्न एकदाचा मिटवावा, असे त्यांचे मत. पक्षातल्या दुसऱ्या गटाला ते रुचले नाही. १ डिसेंबर २००९ रोजी पक्षात मतदान झाले आणि टोनी ॲबट यांनी टर्नबुलांना हरवले ते ४२ विरुद्ध ४१ मतांनी. एका मताने! दुसऱ्याच दिवशी सिनेटने रड यांचे विधेयक फेटाळले.

मजूर पक्षाच्या घरीही सारे आलबेल नव्हते. रड यांनी २०१० च्या एप्रिलमध्ये आपली योजना पुढे ढकलली, त्यांची लोकप्रियता ओसरली, आणि जूनमध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना दूर करून ज्युलिया गिलार्ड यांना बसवले. माझ्या नेतृत्वाखालच्या सरकारात कर्बावर कर येणार नाही, असे गिलार्डबाईंनी निवडणुकीत सांगितले. बहुमत मिळाले नाही, इतरांचा टेकू घ्यावा लागला, आणि १ जुलै २०१२ पासून टनामागे २३ डॉलर ही किंमत लागू झाली.

आता ही ‘किंमत’ की ‘कर’? मराठी शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न सुचणे साहजिक आहे. परंतु त्या देशाचे राजकारण पुढे कित्येक वर्षे या एका शब्दावर फिरले. ॲबट यांनी तिला ‘कर’ म्हटले, सभेसभेतून म्हटले, आणि २०१३ ची निवडणूक जिंकली. १७ जुलै २०१४ रोजी ती योजना रद्द झाली. ॲबट यांच्या कार्यालयाच्या तेव्हाच्या प्रमुख पेटा क्रेडलिन यांनी पुढे २०१७ साली दूरचित्रवाणीवर सांगून टाकले, की तो खरोखर कर नव्हताच. आम्ही लढाई लोकांच्या खिशापर्यंत नेली म्हणून ती जिंकली. एका शब्दाने केवढे काम केले पाहा!

सप्टेंबर २०१५ मध्ये टर्नबुल यांनी ॲबट यांना ५४ विरुद्ध ४४ मतांनी हरवून जुने उट्टे काढले आणि ते पंतप्रधान झाले. ॲबट मात्र सभागृह सोडून गेले नाहीत. मागच्या बाकावर जाऊन बसले. आपल्या खाडिलकरांनी पेशव्यांच्या घरातल्या ‘भाऊबंदकी’वर नाटक लिहिले, कॅनबेराच्या त्या सभागृहात त्यांना दुसऱ्या नाटकाची सामग्री सहज मिळाली असती.

अंधार आणि कोळशाचा खडा

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यावर भयंकर वादळ आले. वाऱ्याने विजेच्या तारांचे वीसहून अधिक मनोरे मुळापासून वाकवले. काही पवनचक्क्यांच्या केंद्रांतील संरक्षक यंत्रणा एकामागून एक आलेल्या झटक्यांनी बिचकल्या आणि त्यांनी उत्पादन उतरवले. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर एकदम भार पडून ती तुटली. आणि सबंध राज्य, सुमारे सतरा लाख लोकांचे, अंधारात बुडाले.

दिवे परत लागण्यापूर्वीच वाद पेटला. एक पक्ष म्हणे, पवनचक्क्यांनी घात केला. दुसरा म्हणे, मनोरे वादळाने पाडले, त्यात वाऱ्याच्या विजेचा काय दोष? अभियंत्यांचा सविस्तर अहवाल मार्च २०१७ मध्ये आला आणि त्यात दोन्ही गोष्टी होत्या: पडलेले मनोरेही आणि चक्क्यांच्या यंत्रणेतील ती सदोष जुळणीही. ही जुळणी बदलण्याजोगी होती आणि ती बदललीही. परंतु इतके नीट ऐकून घ्यायला तोवर कोणाला सवड होती?

मधल्या काळात, ९ फेब्रुवारी २०१७ रोजी, अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी भर सभागृहात कोळशाचा एक मोठा खडा आणला आणि विरोधकांपुढे नाचवला. याला घाबरू नका, असा त्यांचा उपदेश. हात काळे होऊ नयेत म्हणून त्या खड्याला वरून लाखेचा हात दिलेला होता, असे तिकडच्या वर्तमानपत्रांनी छापले. कोळसा उगाळावा तितका काळाच, असे आपली म्हण सांगते. तिकडे तो चकचकीत करण्याचीही युक्ती निघाली.

त्याच वर्षीच्या मार्च अखेरीस लाट्रोब खोऱ्यातले हेझलवूडचे केंद्र बंद पडले. १,६०० मेगावॅटचे हे केंद्र पन्नासहून अधिक वर्षे चाललेले, ओलसर तपकिरी कोळशावरचे आणि देशातल्या सर्वांत धुरकट केंद्रांपैकी एक. मालकांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केले आणि पाच महिन्यांत कुलूप लावले. सुमारे साडेसातशे माणसांचे काम गेले. भाऊजी मला एका रविवारी मोटारीने तिकडे घेऊन गेले होते. मेलबर्नपासून पूर्वेला दीडशे किलोमीटर. हिरव्या कुरणांमध्ये गाई चरत होत्या आणि त्यांच्या पलीकडे आठ धुराडी एका ओळीत उभी. एकातूनही धूर नाही. (ती धुराडी २०२० च्या मे महिन्यात सुरुंग लावून पाडली.) भाऊजी म्हणाले, “हे बंद व्हायचेच होते. पण घरातली मोठी चूल काढायची, तर तिच्या जागी काय मांडणार हे आधी ठरवतात ना? इथे नेमके तेच कोणी ठरवेना.”

शब्द बदलला, भांडण तेच

ते ठरवण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. सरकारचे मुख्य शास्त्रज्ञ ॲलन फिंकेल यांनी जून २०१७ मध्ये ५० शिफारशींचा अहवाल दिला. त्यांत मोठे केंद्र बंद करणाऱ्याने तीन वर्षांची आगाऊ सूचना द्यावी, अशीही एक होती. सरकारने ४९ शिफारशी मान्य केल्या. वगळली ती एकच, आणि तीच अहवालाचा कणा होती: स्वच्छ विजेचे ठराविक उद्दिष्ट घालून देणारी. मागच्या बाकांना ती सोसवणार नव्हती.

मग ऑक्टोबर २०१७ मध्ये नवा मसुदा आला. त्याचे नाव मोठे धूर्तपणे योजलेले: ‘राष्ट्रीय ऊर्जा गॅरंटी’. त्यात ‘कर’ नाही, ‘किंमत’ नाही, ‘उद्दिष्ट’ हा शब्दही शीर्षकात नाही. गॅरंटीला कोण नको म्हणणार?

योजना तशी साधी होती. वीज विकणाऱ्या कंपन्या म्हणजे गल्लीतले वाणी समजा. प्रत्येक वाण्यावर दोन बंधने. एक, टंचाईच्या दिवसांसाठी पुरेसा माल त्याने आधी बोलून ठेवला पाहिजे. दोन, वर्षभरात तो जी वीज विकेल तिच्यामागचा सरासरी धूर ठरल्या मापापेक्षा जास्त असता कामा नये. कोळसा घ्या, ऊन घ्या, वारा घ्या. हिशेब तेवढा जुळवा. आणि ते माप कोणते? २००५ च्या मानाने २०३० पर्यंत २६ टक्के कमी. हा आकडा कोणी आकाशातून आणलेला नव्हता. २६ ते २८ टक्क्यांचे हे वचन ऑगस्ट २०१५ मध्ये देशाच्या वतीने दिले होते ते ॲबट यांच्याच सरकारने!

योजनेवर टीका दोन्हीकडून झाली. पर्यावरणवाद्यांना २६ टक्के फारच थोडे वाटले, कोळसावाल्यांना फार. तरीही उद्योगधंद्यांच्या संघटना म्हणू लागल्या, की योजना सर्वोत्तम नसेल, पण एकदाची असू द्या. दहा वर्षे ज्याला काहीच निश्चित मिळालेले नाही, त्याला मध्यम प्रतीची निश्चितीही गोड लागते.

एका छपराखाली दोन घरे

मग अडले कोठे? पक्षातली निम्मी माणसे मूर्ख किंवा लबाड होती असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही.

लिबरल पक्षाच्या छपराखाली दोन घरे नांदत होती. एक सिडनी-मेलबर्नच्या जुन्या, वृक्षराजीतल्या श्रीमंत उपनगरांचे. तिथला मतदार वकील, डॉक्टर, पेढीवाला. करवाढ त्याला नको, पण जंगलातले वणवे आणि समुद्रातले प्रवाळ यांची काळजी त्याला खरोखर वाटते. दुसरे घर क्वीन्सलँडच्या आणि न्यू साउथ वेल्सच्या खाणगावांचे. तिथे कोळसा म्हणजे मुलाची फी, घराचे हप्ते आणि शनिवारच्या फुटबॉलच्या संघाची देणगी. या दुसऱ्या घराचा आपल्याशीही संबंध आहे. क्वीन्सलँडमधील कारमायकेलची खाण अहमदाबादच्या अदानी समूहाने काढली, आणि २०१९ च्या निवडणुकीत ती व्हावी की न व्हावी यावरून त्या राज्यात रण माजले होते. शिवाय ग्रामीण भागातला नॅशनल पक्ष सरकारात भागीदार. त्याचा ओढा उघडच या दुसऱ्या घराकडे.

या दोन घरांच्या मध्ये विजेचे बिल होते. दहा वर्षांत विजेचा दर, महागाई वजा जाता, निम्म्याहून अधिक चढलेला. २०१८ च्या जुलैमध्ये ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने सांगितले, की या वाढीचे सर्वांत मोठे कारण तारा-खांबांच्या जाळ्यावर झालेला खर्च हे होते. म्हणजे भांडण चालले होते सरपणावरून, आणि पैसे बरेचसे गेले होते चुलीपासून ताटापर्यंतच्या वाटेवर! परंतु तारांच्या विरुद्ध घोषणा देऊन सभा जिंकता येत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये पक्षातल्या कोळसावाल्या सभासदांनी एक मंडळ काढले आणि सरकारने नवे कोळसा केंद्र बांधावे अशी मागणी केली. मंडळाला नाव दिले सर जॉन मोनॅश यांचे. मोनॅश हे पहिल्या महायुद्धातले नामांकित सेनापती आणि नंतर लाट्रोबच्या कोळशावर व्हिक्टोरियाची वीज उभी करणारे अभियंते. त्यांच्या वंशजांनी जाहीर निषेध केला: आमचे आजोबा विज्ञानाच्या बाजूचे होते, त्यांचे नाव यात गोवू नका. पूर्वजांच्या नावावर कोणाचा हक्क, हा वाटणीतला जुनाच वाद.

दहा दिवसांची कथा

१४ ऑगस्ट २०१८, मंगळवार. पक्षाच्या बैठकीत योजनेला बहुमताने मान्यता मिळाली. टर्नबुल जिंकले असे वाटले. पण १५० सभासदांच्या गृहात सरकारची निवडून आलेली माणसे होती ७६. वेळ आली तर विरोधी मत देऊ, असे ॲबट आणि आणखी काही जण उघड सांगू लागले. विधेयक मंजूर करायचे तर विरोधी मजूर पक्षाची मते घ्यावी लागणार, आणि ती घेतली तर पक्षात पंतप्रधानाचे तोंड राहणार नाही. २००९ सालचा खड्डा पुन्हा त्याच पायापुढे.

टर्नबुल मागे सरले. सोमवारी, २० तारखेला, त्यांनी धूर कमी करण्याचा भाग कायद्यातून काढून टाकला. ज्यांना खूश करण्यासाठी हे केले ते खूश झाले नाहीत. ज्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला होता ते मात्र खट्टू झाले. मंगळवारी त्यांनी स्वतःच नेतेपद मतदानाला लावले. गृहमंत्री पीटर डटन यांना ३५ मते, टर्नबुल यांना ४८. जिंकले, पण असे जिंकणे म्हणजे भिंतीला गेलेला तडा मोजून घेणे. गुरुवारपर्यंत मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि सरकारने संसदेचे कामकाजच तहकूब केले. शुक्रवारी, २४ तारखेला, नवा नेता निवडण्याच्या ठरावाला ४५ मते पडली, विरोधात ४०. टर्नबुल उभेच राहिले नाहीत. शेवटच्या लढतीत डटन यांना ४० आणि कोळशाचा खडा आणणारे ते मॉरिसन यांना ४५. मॉरिसन पंतप्रधान झाले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘गॅरंटी’ संपल्याचे सांगितले.

त्या शुक्रवारी भाऊजींचा फोन आला. मला वाटले होते, ते चिडले असतील. ते म्हणाले, “मी आज पाळीवर होतो. इकडे पक्षाची मते मोजत होते, तिकडे आमचा ठोका पन्नासवर होता. जाळ्याला कोण पंतप्रधान हे कळत नाही. पण उद्या कोणते केंद्र बंद पडेल आणि त्या जागी काय येईल, हे आज मला सांगणारे कोणी राहिले नाही.”

कोणाला काय मिळाले?

पुढचा हिशेब इतिहासाने चोख केला. टर्नबुल राजीनामा देऊन गेले. त्यांचा वेंटवर्थ मतदारसंघ, जो या पक्षाच्या आणि त्याच्या पूर्वजांच्या हाती १९०१ पासून होता, ऑक्टोबर २०१८ मध्ये अपक्ष केरिन फेल्प्स यांनी जिंकला आणि सरकारचे बहुमत गेले. मॉरिसन २०१९ ची निवडणूक जिंकले खरे. पण त्याच निवडणुकीत ॲबट यांनी १९९४ पासूनचा आपला वॉरिंगा मतदारसंघ अपक्ष झाली स्टेगल यांच्यापुढे गमावला. २०२२ मध्ये सरकार गेले, आणि ‘गॅरंटी’चा मसुदा ज्यांनी ऊर्जामंत्री म्हणून घडवला होता ते जॉश फ्रायडेनबर्ग कूयाँगमध्ये पडले. कूयाँग म्हणजे पक्षाचे संस्थापक रॉबर्ट मेन्झीस यांचा मतदारसंघ. घराचे देवघरच म्हणा. डटन पुढे पक्षनेते झाले. त्यांनी जुन्या कोळसा केंद्रांच्या सात जागी अणुवीज केंद्रे उभारण्याची योजना मांडली. ३ मे २०२५ रोजी पक्ष तर हरलाच, पण २००१ पासून हाती असलेल्या डिक्सनमध्ये ते स्वतःही हरले. आणि इतके होऊनही वाद शमला नाही. २०५० पर्यंत निव्वळ कर्ब शून्यावर आणण्याचे वचन मॉरिसन यांनी २०२१ मध्ये दिले होते. ते पक्षाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सोडून दिले.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. वेंटवर्थ आणि कूयाँग समेटवाल्यांची घरे, वॉरिंगा आणि डिक्सन कट्टरांची. चारही पडली. भाऊबंदकीत एका भावाचे वाटोळे करून दुसरा सुखी झाला, असे इथेही घडले नाही.

मग हे टाळता येण्याजोगे होते काय? होते, असे मला वाटते, आणि त्याचा पुरावा त्याच पक्षात आहे. न्यू साउथ वेल्स राज्यात लिबरल सरकारचे ऊर्जामंत्री मॅट कीन यांनी २०२० मध्ये विजेच्या नव्या उभारणीचा आराखडा कायद्यात बसवला, आणि तो मजूर व हरित पक्षांच्या पाठिंब्याने बसवला. पक्ष तोच, कोळसा तोच, खाणगावेही तीच. फरक इतकाच, की तिथे विरोधकाचे मत घेणे हा घरभेदीपणा मानला गेला नाही, आणि कोणते केंद्र केव्हा जाईल व त्या जागी काय येईल, या प्रश्नापासून आरंभ झाला. कॅनबेरात आरंभ होई तो ‘याला काय म्हणायचे’ येथून, आणि बहुधा शेवटही तिथेच.

सरकार ठरवीना, तेव्हा लोकांनी ठरवले. २०२४ च्या अखेरीस त्या देशात चाळीस लाखांहून अधिक छपरांवर सौर पाट्या बसल्या होत्या. तीन घरांतले एक घर आपली वीज आपण करू लागले होते. पूर्वेकडच्या जाळ्यातही ऊन, वारा आणि पाणी यांचा वाटा सुमारे ४० टक्क्यांवर पोचला. ताईच्या छपरावरही २०१९ मध्ये पाट्या आल्या, आणि हीटरच्या बटणापाशी तिचा हात थबकेनासा झाला. लोकांचे चातुर्य पाहून कौतुक वाटते, यात संशय नाही.

परंतु कौतुक करताना मला त्या देशातले भाडेकरू आठवतात. ताईच्या शेजारच्या चार मजली इमारतीत नुकत्याच आलेल्या आपल्याकडच्या दोन तरुण जोडप्यांनी बिऱ्हाडे केली होती. छप्पर त्यांचे नाही, त्यामुळे पाट्या बसवण्याचा प्रश्नच नाही. जे बिल येईल ते भरायचे. आणि आठवतात लाट्रोबचे ते साडेसातशे कामगार, ज्यांना आयुष्याची मांडणी बदलायला पाच महिने मिळाले. पुढारी पदे गमावून निवृत्तिवेतन घेऊ शकतात, सुखवस्तू माणूस आपली चूल वेगळी मांडू शकतो. ज्याला स्वतःचे छप्पर नाही त्याला मात्र सामाईक चुलीवाचून गत्यंतर नसते, आणि ती सांभाळण्यासाठीच तर राज्यकर्ता पक्ष नावाची वस्तू लोक निवडून देतात.

सत्ताधारी पक्षात दोन मते असणे वाईट नाही. एकच मत असणारा पक्ष पाहिला की मला उलट भीती वाटते. पण त्या दोन मतांना एका ठिकाणी बसवून, कोणते सरपण, किती वर्षे आणि कोणाच्या पैशाने, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घेणे हे कर्त्या माणसाचे काम आहे. उत्तर मनासारखे नसले तरी चालेल. ऑस्ट्रेलियाने ते लिहिलेले उत्तर ऑगस्ट २०१८ मध्ये जवळजवळ हातात घेतले होते; ते फाडून टाकल्यावर ज्यांची बिले आली, त्यांच्यापैकी एकालाही त्या बैठकीत मत नव्हते.